वाणात लुटलेली वही

एकदा एका विणकरांच्या गावात एक वृद्ध बाई राहात होत्या. साऱ्या गावाच्या त्या माई. साडीच्या काठापदराचे नमुने आधी चौकटीच्या कागदावर काढावे लागतात आणि मग विणकर ते पाहून धाग्यात उतरवतो. ते कागदावरचे काम माईंनी पन्नास वर्षे केले होते. आता हात थकला होता, पण नजर शाबूत होती. त्यांची एकच शिष्या होती. तिचे नाव मथुरा.

मथुरेला आई नव्हती. वडिलांना ती आबा म्हणे. आबा विणकर. घर म्हणजे एकच खोली, आणि त्या खोलीत मागच जास्त, माणसे कमी. मथुरा लहानपणापासून आबांच्या आणि शेजाऱ्यांच्या मागांसाठी कांड्या भरत आली होती. सकाळी चरख्याशी बसायचे आणि दिवेलागणीपर्यंत बोटभर नळ्यांवर धागा गुंडाळत राहायचे. काम प्रामाणिक खरे, पण तिचे मन त्यात लागत नव्हते. तिचे मन रेघांत होते. हे ओळखून आबांनी एका रथसप्तमीला तिला माईंकडे नेऊन बसवले आणि परतताना सांगितले, "तीन वर्षं शीक. तिसऱ्या रथसप्तमीपर्यंत तुझ्या रेघांना कुणी काम दिलं, तर जन्मभर रेघा ओढ, मी आडवा येणार नाही. नाहीतर चरखा आहेच. मग मात्र कागदाचं नाव काढायचं नाही." आबा कठोर नव्हते. घरात दोन हात कमी पडत होते, इतकेच.

ती तिसरी रथसप्तमी जवळ आली आणि योगही तसाच जुळून आला. पेठेतल्या एका मोठ्या व्यापाऱ्याला आपल्या वीस मागांसाठी नमुने काढणारे माणूस हवे होते. ज्याला हे काम हवे असेल त्याने रथसप्तमीच्या सकाळी आपल्या नमुन्यांची वही घेऊन पेढीवर यावे, असा त्या शेठजींचा निरोप गावात आला.

मथुरेने देवापुढे हात जोडून संकल्प केला, वही एकशे आठ पानांची करीन. माळेचे मणी एकशे आठ, तशी पाने एकशे आठ. मग ती घरोघर फिरू लागली. कुणाच्या सासूबाईंचा शालू, कुणाच्या माहेरची पैठणी, कुणाच्या ट्रंकेत तळाशी ठेवलेले लग्नातले लुगडे, जे हाती येईल त्यावर पातळ कागद ठेवून ती काठ गिरवून घेई. बायकाही कौतुकाने साड्या उलगडून देत. मोर, मुनिया, कुयऱ्या, कमळे, असावलीच्या वेली, नारळी काठ, एक पान भरले की दुसरे. देवळात जाऊन तिने देवीच्या जुन्या महावस्त्रावरच्या वेलीसुद्धा उतरवून आणल्या.

आपण नेमधर्म करणाऱ्या बायका, आपल्याला हे नवे नाही. लाख वातींचा नेम धरला की शेवटी शेवटी बोटे वळत राहतात आणि डोळे मोजत राहतात. ज्याच्यासाठी वाती वळायच्या, तो देव बिचारा मोजणी संपायची वाट पाहात बसतो. मथुरेचेही तसेच झाले. म्हणून तिला हसू नये.

रथसप्तमीला पाच दिवस उरले असताना वही पुरी झाली. मथुरेने ती माईंच्या मांडीवर ठेवली आणि समोर बसली. माईंनी एकेक पान सावकाश उलटले. शेवटच्या काही पानांवर मात्र बराच वेळ थांबल्या.

"काही चुकलंय का, माई?"

"नाही गं. हात स्वच्छ आहे तुझा." माईंनी वही मिटली. "उद्या माझ्याकडे हळदीकुंकू आहे. लवकर ये, गुलाबपाणी शिंपडायला तूच उभी राहा. वही राहू दे इथंच."

दुसऱ्या दिवशी दुपारी माईंचे अंगण बायकांनी भरून गेले. तिळगूळ वाटून झाला, कुंकू लागले. मथुरा गुलाबदाणी घेऊन फिरत होती. वाणाची वेळ झाली तसा बायकांमध्ये खसखस पिकली. द्वारकाकाकू सगळ्यांत बोलघेवड्या. त्या म्हणाल्या, "माई, दोन वर्षांमागे गाळणी दिलीत, गेल्या वर्षी किसणी. यंदा लाटणंच द्या बाई. आमच्याकडे ह्यांना जरा धाक तरी बसेल!"

माई हसल्या आणि आतून झाकलेले मोठे ताट घेऊन आल्या. त्यांनी वरचा रुमाल उचलला. ताटात मथुरेची वही होती. तिचा शिवणीचा दोरा काढलेला होता आणि सगळी पाने सुटी झाली होती.

"यंदाचं वाण हे," माई म्हणाल्या. "ज्या पानात आपल्या घरचं काही दिसेल, ते पान तिनं उचलावं. लुटा."

मथुरेच्या हातातली गुलाबदाणी तशीच राहिली. थांबवणार तरी कशी? संक्रांतीचे वाण एकदा सुवासिनीच्या पदरात पडले की ते परत मागायचे नसते, देणारीने नाही, तिच्या घरच्यांनीही नाही. हा नेम तिथल्या प्रत्येकीला आईच्या मांडीवर असल्यापासून ठाऊक होता.

बायकाही घोटाळल्या. एक जण हळूच म्हणाली, "माई, हिला शेठजींना दाखवायची होती ना ही वही?"

"वाणाला कधी प्रश्न विचारतात का गं? घे बघू."

मग द्वारकाकाकूंनीच पहिला हात घातला. "अगं बाई! हा तर आमच्या सासूबाईंच्या शालूचा मोर. पायाला एक बोट जास्त आहे बघा, विणणाऱ्याची चूक ती. मथुरे, चूकसुद्धा उतरवलीस की!" अंगण हसले. मग कुणालाच धीर धरवेना. गिरिजा नावाची नवी नवरी होती, तिला आपल्या माहेरच्या काठातल्या कुयऱ्या दिसल्या आणि तिचे डोळेच भरून आले. ती पाने तिने छातीशी धरली. "हा माझ्या लग्नातला." "हा आमच्या थोरल्या जाऊबाईंचा." "अय्या, ही मुनिया आमची, हिची चोच मी लहानपणी कात्रीनं कापली होती, इथं बघा, अर्धीच आहे!" बघता बघता ताट रिकामे होत गेले.

बायकांचे घेऊन झाल्यावर माई पुढे झाल्या. त्यांनी उरलेल्यांतली सतरा पाने वेचली. "ह्या वेली माझ्या. माझ्याच वहीतून शिकलीस." ती पाने त्यांनी बाजूला ठेवली. दोन पाने उचलून देवघरात नेली. "आणि हे महावस्त्रावरचं. हे देवीचं, ते देवीलाच."

ताटात सहा पाने उरली. ती घ्यायला कुणीच पुढे आले नाही. एकमेकींच्या कानाशी लागत, मथुरेकडे न पाहता बायका आपापल्या घरी गेल्या. "माईंचं आता वय झालं," असे दाराबाहेर कुणीतरी म्हटलेले आत स्पष्ट ऐकू आले.

अंगण रिकामे झाल्यावर मथुरा खाली बसली आणि ओंजळीत तोंड घालून रडली. माईंनी तिला रडू दिले.

"चार दिवसांवर रथसप्तमी आली, माई," ती अखेर म्हणाली. "आबांचा शब्द तुम्हाला ठाऊक होता. मी तुम्हाला वही तपासायला दिली होती, लुटायला नाही. आता रथसप्तमीपासून मी चरख्याशी बसायचं, हेच मनात होतं का तुमच्या?"

"तुला न विचारता दिली, तो दोष माझाच," माई म्हणाल्या. "रागाव माझ्यावर, तुझा हक्कच आहे तो. पण रागावून झालं की एक सांग. ही सहा पानं कुणाची?"

मथुरेने ओल्या डोळ्यांनी ताटाकडे पाहिले. "ती कुणाचीच नाहीत. एकशे दोन झाली होती, सहा कमी पडत होती. नवीन साडी कुणाकडे मिळेना आणि दिवस तर संपत आलेले. मग घरीदारी जे दिसलं, सुचलं ते काढलं आणि शेवटी घातलं. कुणाचं लक्ष जाऊ नये म्हणून शेवटी. नुसती भरती आहे ती."

माईंनी ती सहा पाने जमिनीवर ओळीने मांडली. एकात बाभळीची काटेरी डहाळी होती आणि तिला एकच पिवळे फूल. एकात चिमण्यांच्या पावलांचे ठसे, चुलीच्या राखेवर उमटलेले. एकात घाटाच्या पायऱ्या आणि शेवटच्या पायरीला टेकलेली पाण्याची एक रेघ. एकात वाळत घातलेल्या सुताच्या लडी. एकात कौलांच्या फटीतून भिंतीवर पडलेले उन्हाचे चार ठिपके. सहाव्या पानावर एक हंस होता.

"आता यांच्याकडे बघ. ही सहाही जणू सख्ख्या बहिणी. कशावरून ते तू सांग."

मथुरा पाहू लागली. बराच वेळ तिला काही दिसेना. मग ती अडखळत म्हणाली, "सगळ्यांत... जागा मोकळी आहे, माई. चित्र एका कडेला आहे आणि बाकी पान रिकामं."

"लुटून गेलेल्या पानांत एका तरी पानावर बोट टेकवायला जागा होती का? ते काठ सुंदरच आहेत, पण ते दुसऱ्यांच्या घरचे. तुझ्या घरात मागामुळे धड पाय पसरता येत नाहीत. म्हणून कागद हाती आला की तू पहिल्यांदा जागा करतेस. हे मी तुला शिकवलेलं नाही. मला येतही नाही ते. मी जन्मभर वेलीला वेल भिडवत आले."

माई पुढे म्हणाल्या, "गिरवून शिकण्यात वाईट काही नाही, बाळ. मीही तशीच शिकले. पण गिरवलेलं पोटात जायला हवं, तू ते वहीत साठवत बसलीस. शेठजी चाळीस वर्षं पेठेत बसलेत. द्वारकेनं जे एका नजरेत ओळखलं, ते त्यांना ओळखता येणार नाही? म्हणतील, हा अमक्यांचा मोर, ही माईंची वेल. एकशे आठ पानं उलटून होतील, सगळं गाव त्यांना भेटून जाईल, आणि तू राहशील. मोठी वही बघून दमलेला माणूस शेवटच्या सहा पानांपर्यंत पोचत नाही गं."

"हे तुम्ही मला नुसतं सांगितलं असतं तरी..."

"तू हो म्हणाली असतीस. आणि घरी जाऊन भीतीनं एकेक पान परत आत घातलं असतंस. मोर नको, पण हा एक असू दे, ही एक कुयरी असू दे. मीही तुझ्या वयाची होते. वाण परत मागता येत नाही, म्हणून वाण दिलं."

मथुरेने पदराने डोळे पुसले. "अजून चार दिवस आहेत. मी अशी आणखी काढू का? निदान एकवीस तरी?"

"झालं! पुन्हा मोजायला लागली!" माईंनी कपाळाला हात लावला. "एकही काढू नकोस. याच सहांबरोबर बस. नीट, मोठ्या कागदावर उतरव. कुठं पाहिलंस आणि कुठल्या कापडावर शोभेल, हे प्रत्येकाखाली दोन ओळींत लिही. आणि जे तुला स्वतःला पुन्हा पुन्हा बघावंसं वाटतं, ते पहिलं ठेव."

चार दिवस मथुरा त्या पानांबरोबर बसली. पाच पाने सहज झाली. सहावे होईना. हंस काढताना मान पुन्हा पुन्हा चुकत होती आणि खाली काय लिहावे तेही सुचत नव्हते, कारण तिने हंस कधी पाहिलाच नव्हता. शेठजींना हंस आवडतात असे कुठेतरी कानावर आले होते, म्हणून तो काढला होता. तिने ते पान हळूच बाजूला सरकवले. हे तिला कुणी सांगितले नव्हते.

आबांनी वही शिवायला रेशमाचा उरलेला धागा आणून दिला. वही हातात घेऊन त्यांनी तोलून पाहिली. "फार वाळली गं ही. आजारी होती का?"

"नाही, आबा. बाळंत झाली."

आबांना हसू आले, पण त्यांनी तोंड फिरवले. मनातून ते घाबरले होते.

रथसप्तमीला सूर्याला दूध उतू घालून मथुरा पेढीवर गेली. तिच्या आधी सात जण बसलेले. एकाने तर दोन वह्या गाठोड्यात बांधून आणल्या होत्या. शेठजी एकेकाची वही चाळत होते, मान डोलवत होते आणि मधून मधून जांभई देत होते. मथुरेची पाळी आली तेव्हा त्यांनी तिची वही घेतली, पाच पाने उलटली आणि सहावे उलटायला बोट पुढे नेले. सहावे नव्हते.

"एवढंच?"

"माझं एवढंच आहे, शेठजी."

बसलेल्यांपैकी कुणीतरी खाकरून हसले. शेठजींनी त्याच्याकडे पाहिले नाही. ते पहिल्या पानाकडे परत गेले आणि खालच्या दोन ओळी त्यांनी ओठ हलवत वाचल्या. ही आमच्या दारची बाभूळ. जाडसर सुती साडीवर, पदराच्या एका कोपऱ्यात शोभेल.

"काटे कशाला ठेवलेत? बाई माणूस काटे नेसेल का?"

मथुरा म्हणाली, "काटे काढले तर ती जुई होईल, शेठजी. जुई सगळेच काढतात. आणि काट्यांत आहे म्हणून तर ते एक फूल एवढं दिसतं."

"हं. आणि मला दिवाळीच्या मालासाठी मोर हवा असेल तर? येतो का मोर?"

"येतो. गावातल्या निम्म्या घरांतले मोर मी गिरवलेत. पण माझा मोर पदरभर नाचणार नाही. कडेला कुठंतरी गप बसलेला असेल."

शेठजी मोठ्याने हसले. "गप बसलेला मोर! आजवर कुणी विकायला आणला नव्हता." मग त्यांनी वही मिटली आणि ती परत न देता गादीवर आपल्या जवळ ठेवली. "हे बघ पोरी, वीस माग मी तुझ्या हवाली करणार नाही. तुझं काम वेगळं आहे, आणि वेगळं विकलं जाईल की नाही हे मलाही ठाऊक नाही. एक माग देतो. बाभळीपासून सुरुवात कर. अक्षय तृतीयेपर्यंत बघू. बाकीचे एकोणीस या मंडळींतल्या कुणाला तरी मिळतील."

मथुरेने वाकून नमस्कार केला. वाटेत माईंच्या दारात थांबून तिने आधी त्यांना सांगितले. माईंनी तिच्या तळहातावर साखर ठेवली आणि म्हणाल्या, "एकच माग ना? बरं झालं. नीट लक्ष देता येईल."

घरी आबा मागावर बसलेले होते. माग थांबला नाही. मथुरेला वाटले, आबांना विचारायचे आहे पण धीर होत नाही. तिलाही कुठून सुरुवात करावी कळेना. मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यातला धागा संपत आलेला तिने पाहिला आणि इतक्या वर्षांच्या सवयीने ती न बोलता चरख्याशी जाऊन बसली, कांडी भरायला.

ते पाहून आबांचे हात थांबले. चेहरा उतरला. "नाही म्हणाले?"

"एक माग दिला, आबा. माझ्या बाभळीला."

आबा मागावरून उठले, तिच्यापाशी आले आणि त्यांनी तिच्या हातातली रिकामी नळी काढून घेतली.

"मग इथं काय करतेस?" ते म्हणाले. "ऊठ. कांड्या भरायला मी दुसरं कुणीतरी बघतो."